अडगळ, परात आणि चाळीस वाट्या

दिवाळीच्या आधी माळा उतरवताना आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "हे आता कोणाला तरी देऊन टाकू." मीही ते शंभरदा म्हटलं असेल. पण २०२२ च्या दिवाळीत अख्खं घर रिकामं करायची वेळ आली, तेव्हा 'देणं' आणि 'टाकणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला चांगलंच कळलं. ते कळेपर्यंत सासूबाईंच्या आईची परात हातची गेली होती.

आधी घराविषयी सांगते. माझं माहेर नाशिकचं. पुण्यातून कॉम्प्युटरमध्ये बी. ई. केलं, तिथेच नोकरीला लागले आणि २०१५ मध्ये लग्न होऊन सुरतला, नवागामला आले. सुरत म्हणजे घारी, लोचो, उंधियू आणि साड्या, एवढीच माझी माहिती. प्रत्यक्षात उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम या बाजूला आलं की अर्धा धुळे-जळगाव-नंदुरबार इथेच येऊन राहिलाय असं वाटतं. कानबाईचे रोट होतात, आखाजीला घागर भरली जाते, भाजीवाल्याशी अहिराणीत घासाघीस चालते. लूमच्या कारखान्यांत काम मिळतं म्हणून भुसावळ-सुरत लाइनच्या गाड्यांनी माणसं येत गेली आणि इथलीच झाली. आमचे आप्पाही तसेच, शिंदखेडा तालुक्यातून आलेले.

आमच्या घरात आई-आप्पा अहिराणी बोलतात, मी नाशिकची मराठी, आणि मुलगी शाळेतून गुजराती-इंग्रजी घेऊन येते. गल्लीत मात्र सगळ्यांची मिळून हिंदी, कारण समोर काठियावाडी काकी, शेजारी ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातलं कुटुंब आणि पलीकडे उत्तर प्रदेशातले भैया.

आमचं रो-हाउस चाळीस वर्षांचं. वरची पत्र्याची खोली गळायला लागली होती. पाडून नवं बांधायचं ठरलं. वर्षभरासाठी गल्लीच्या टोकाला दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. कंत्राटदार गुजराती. तो म्हणाला, कमुरतां संपल्याशिवाय, म्हणजे उत्तरायण झाल्याशिवाय मी कुदळ मारणार नाही. त्यामुळे सामान आवरायला आम्हाला साधारण तीन महिने मिळाले.

माझी एक्सेल शीट

सॉफ्टवेअरवाल्या माणसाला कुठलाही पसारा दिसला की तो शीट उघडतो. मीही उघडली. वस्तू, संख्या, शेवटचा वापर कधी, आणि निर्णय: ठेवणे, देणे, भंगार. मारी कोंडो या जपानी बाईंची मालिका मी पाहिली होती. वस्तू हातात घ्यायची, आनंद वाटला तर ठेवायची, नाहीतर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. मला ते आठवून मोठा हुरूप आला होता.

पहिल्याच आठवड्यात शीटमध्ये आलेली काही आकडेवारी: प्लॅस्टिकचे डबे ६३. ब्लाऊजपीस ४७. हंडे-कळश्या ११. पाटे दोन, जातं एक, न चालणारे मिक्सर तीन.

६३ डबे कुठून आले याचा शोध घेतला तर मजा वाटली. निम्मे संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण आणि निम्मे नवरात्रातली लाणी. गुजराती गरब्यात खेळणाऱ्या मुली-बायकांना रोज काहीतरी लहानशी वस्तू वाटतात, तिला लाणी म्हणतात. म्हणजे जानेवारीत मराठी बायकांनी दिलं आणि ऑक्टोबरात गुजराती बायकांनी. दोन संस्कृतींत राहण्याचा हा फायदा म्हणायचा की तोटा, तुम्हीच ठरवा. ब्लाऊजपीसचं तर विचारूच नका. त्यातले काही मीच कोणाच्या तरी ओटीत घातलेले होते आणि फिरून आमच्याकडे परत आले होते!

आप्पांनी नेहमीचा उपाय सांगितला, "गावी पाठवून देऊ." सुरतेतल्या प्रत्येक खानदेशी घराचा हा ठरलेला उपाय आहे. जुना टीव्ही, डगमगणारं कपाट, तुटक्या चाकाची सायकल, सगळं गावी. मी गावाकडच्या जाऊबाईंना फोन केला. त्या हसत हसत म्हणाल्या, "वहिनी, मागच्या वेळी पाठवलेला कूलर अजून गोठ्यात पडलाय. गाव काय तुमची अडगळीची खोली आहे का?" मी हसले, पण फोन ठेवल्यावर चेहरा उतरला. त्यांचं खोटं नव्हतं.

परत आलेलं गाठोडं

मग म्हटलं, लांब कशाला, शेजारीच देऊ. शेजारच्या ओडिया वहिनींचे यजमान लूमवर बारा तासांची पाळी करतात. गंजामहून येणारे बरेच कामगार एकटे राहतात. एका खोलीत आठ-दहा जण, दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागेवर झोपतो. यांनी मात्र बायको-मुलं आणली होती. घरात सामान बेताचं. मी माझे कुर्ते, मुलीचे फ्रॉक, दोन साड्या एका जुन्या चादरीत बांधल्या आणि त्यांच्या दारात ठेवून आले. त्या घरात नव्हत्या. मुलाला म्हटलं, "मम्मी को दे देना."

संध्याकाळी गाठोडं आमच्या ओट्यावर परत. जसंच्या तसं, गाठही न सोडलेली. वहिनी दारातूनच म्हणाल्या, "भाभी, कपडा तो है हमारे पास." आवाजात राग नव्हता. पण त्यानंतर आठ-दहा दिवस त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. एरवी कढीपत्त्यापासून गॅस सिलिंडरच्या नंबरापर्यंत आमची देवघेव.

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. चांगले कपडे होते! आईंना सांगितलं. त्या साडीला टिकल्या चिकटवत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू दिलं कुठे? ठेवून आलीस. घरात बोलावून, बसवून, समोर उलगडून दाखवलं असतं, यातलं काय आवडतंय विचारलं असतं, तर गोष्ट वेगळी होती."

आईंना हे कुठून कळलं, ते नंतर समजलं. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि तापीच्या पुरात सुरतेचा मोठा भाग बुडाला. रांदेर बाजूला राहणारी आईंची बहीण तेव्हा मुलांसह नवागामला येऊन राहिली होती. पाणी उतरल्यावर तिच्या भागात मदतीचे ढीग आले. मावशी अजूनही सांगतात, "एका पिशवीत चार चपला निघाल्या, चारही डाव्या." आणि त्याच मावशी हेही सांगतात, की ओळख ना पाळख अशी एक बाई आली आणि म्हणाली, "माझ्याकडे दोन कुकर आहेत. यातला कुठला हवा ते तुम्ही सांगा." तो कुकर मावशींनी पुढे कितीतरी वर्षं वापरला. चपलांची पिशवी आणि कुकर, दोन्ही दानच. पण एकाची आठवण निघाली की मावशींचा चेहरा वेगळा होतो आणि दुसऱ्याची निघाली की वेगळा.

परात

आता ज्याबद्दल लिहायला बसले ते.

काळी चौदसच्या दिवशी भंगारवाला आला. शीट तयार होती. मी मिक्सर, पत्र्याचे डबे, फुटके हंडे काढून दिले. त्यात एक मोठी पितळी परात होती. काळी पडलेली, एका बाजूने चेपलेली, माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवलेली. शीटमध्ये तिच्यापुढे मी लिहिलं होतं: शेवटचा वापर, माहीत नाही. निर्णय, भंगार. साडेतीन किलो भरली, अकराशे वीस रुपये आले. मी खूश!

आई दुपारी बाजारातून आल्या. माळ्याकडे बघून म्हणाल्या, "पोतं कुठे गेलं?" मी सांगितलं. त्या खाली बसल्या. इतकंच म्हणाल्या, "मनी मायनी परात शे ती."

त्यांच्या लग्नात त्यांच्या आईने दिलेली परात. कडेला ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं, त्याखाली गावाचं नाव. आईंची आई शाळेत गेली नव्हती. तिचं नाव लिहिलेली एवढी एकच वस्तू जगात होती. फोटो नाही, सही नाही, कुठल्या कागदावर असेल तर अंगठा. काळी पडल्यामुळे मला नाव दिसलंच नव्हतं. आणि दिसलं असतं तरी त्या शीटमध्ये नावासाठी रकाना नव्हता.

मी आणि नवरा स्कूटर काढून भंगारवाल्याच्या गोडाऊनवर गेलो. तो बिचारा भला माणूस, त्याने पितळेचा कोपरा दाखवला. पण कोपरा रिकामा होता. म्हणाला, "बेन, बपोरनी गाडीमां नीकळी गयुं." त्याचं पितळ जामनगरला जातं. तिथे वितळवून नळ आणि सुटे भाग होतात. आम्ही त्याच्या व्यापाऱ्याला फोन लावला, पैसे देतो म्हटलं. गाडीत टनभर पितळ, त्यात एक परात कोण शोधणार?

घरी आलो तेव्हा समोरच्या काकी वडे आणि पाण्याचा लोटा घेऊन चौकाकडे निघाल्या होत्या. काळी चौदसच्या संध्याकाळी गुजराती बायका चार रस्त्यांवर जाऊन घरातला 'ककळाट' काढून टाकून येतात. त्यांनी हाक मारली, "चालो, तमे पण आवो." मी नुसतं हसले. आमच्याकडचा ककळाट आवाज करणारा नव्हता. आई रागावल्या नाहीत, बोलल्या नाहीत, रात्री जेवणही नेहमीसारखं वाढलं. मला ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकच विचारलं, "पैसे किती आले?" मी अकराशे वीस रुपये त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी ते देव्हाऱ्याच्या खणात टाकले.

घेणाऱ्याची मान

त्यानंतर मी शीट बंद केली आणि जरा आजूबाजूला बघायला लागले.

आठवून बघा, लहानपणी आपल्याकडे बोहारीण यायची. आई पाच साड्या काढायची, ती म्हणायची सात द्या. एक पातेलं मिळायचं, आई म्हणायची झाकणही हवं. तासभर भांडण, आणि शेवटी दोघी खूश. जुने कपडे देण्याची याच्याइतकी समान पद्धत दुसरी नसेल, कारण घेणारी घासाघीस करते. मला इथे आल्यावर कळलं, की मुंबई-पुण्यात फिरणाऱ्या यातल्या कितीतरी बायका मूळच्या गुजरातच्या, वाघरी म्हणजे देवीपूजक समाजातल्या. दिल्लीतल्या रघुबीर नगरात पहाटे भरणारा जुन्या कपड्यांचा मोठा बाजारही याच समाजाच्या बायका चालवतात. आपण दिलेली साडी तिथे धुऊन, शिवून, इस्त्री होऊन पुन्हा विकली जाते.

अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली 'गूंज' ही संस्था तुम्हाला माहीत असेल. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची पद्धत मला पटली. शहरातले जुने कपडे ते गावात फुकट वाटत नाहीत. गावकरी स्वतःच ठरवतात की आपल्याला विहीर साफ करायची आहे, रस्ता करायचा आहे किंवा तळं खोदायचं आहे. ते काम करतात, आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे-सामान घेतात. घेणाऱ्याची मान ताठ राहते.

आणि मग लक्षात आलं, की आपल्या भाषेत याच्याही पुढचा शब्द आहे. हळदीकुंकवाचं वाण आपण 'देत' नाही, 'लुटतो'. दसऱ्याचं सोनंही लुटतो. लुटायला आलेल्या माणसावर उपकार कोण करणार? तो मालकासारखा येतो आणि घेऊन जातो. समोरच्या काकींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, लाणीचंही तसंच. गरब्याला आलेल्या सगळ्यांना सारखी मिळते, गरीब-श्रीमंत बघून नाही.

बाकीचं सामान कुठे गेलं

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना घर बदलायचं असेल, म्हणून थोडक्यात सांगते.

जातं आणि पाटे गल्लीतल्या मंदिरात ठेवले. फ्लॅटमध्ये जातं कोणाला नको, पण लग्नाच्या हळदीला सगळ्यांना हवं असतं. आता ते वर्षातून आठ-दहा घरी जाऊन येतं. मोठी पातेली आणि हंडे कानबाईच्या सामाईक स्वयंपाकासाठी दिले. गावाकडे पूर्वी पंगतीची भांडी गावाच्या मालकीची असायची, तसंच.

मराठी पुस्तकं रद्दीत घालवत नव्हती. सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा सात माध्यमांत चालतात: गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, ओडिया आणि तेलुगू. माझा नवरा त्यातल्याच एका मराठी शाळेत शिकला. मुख्याध्यापकांना आधी यादी पाठवली, त्यांनी खुणा केल्या, तेवढीच पुस्तकं नेऊन दिली.

खेळणी भाड्याच्या घरात आमच्यासोबत आली होती. २०२३ च्या मे महिन्यात 'मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर' मोहिमेत देशभरातल्या शहरांत जुन्या वस्तूंची आर-आर-आर केंद्रं उघडली, तिथे मुलीने स्वतः नेऊन दिली. एक बाहुली मात्र परत घेऊन आली. चालायचंच.

जुन्या नऊवारी आणि सुती साड्यांच्या गोधड्या करायला घेतल्या. गोधडीला गुजरातीत गोदडी म्हणतात, ओडिशात कंथा. हे मला कोणी सांगितलं असेल? गाठोडं परत करणाऱ्या त्याच वहिनींनी. आईंना गच्चीवर टाके घालताना पाहून त्या आपणहून आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "मौसी, आपका टाका बडा है." दोन दुपारी दोघींनी मिळून एक गोधडी संपवली. दुसरीसाठी वहिनींनी आमच्या ढिगातल्या दोन साड्या मागून घेतल्या. बहुतेक त्याच, गाठोड्यातल्या.

चाळीस वाट्या

संक्रांत झाली. घर जवळजवळ रिकामं होतं आणि पुढच्या आठवड्यात पाडायला घेणार होते. आई म्हणाल्या, "या घरात शेवटचं हळदीकुंकू करू." मला वाटलं प्लॅस्टिकचे ६३ डबे खपवायची ही संधी, पण गप्प बसले. शहाणपण आलं होतं.

आई मला घेऊन भांड्यांच्या दुकानात गेल्या. पदराच्या गाठीतून ते अकराशे वीस रुपये काढले. त्यात टिकल्यांच्या कामाचे आणखी पैसे घातले. स्टीलच्या चाळीस वाट्या घेतल्या. आणि दुकानदाराला म्हणाल्या, नाव घालायचं आहे. तो मशीन घेऊन बसला. त्याने विचारलं, आधी 'कै.' घालू ना? आई म्हणाल्या, "नको. नुसतं नाव घाल आणि खाली गाव."

२२ जानेवारीच्या रविवारी रिकाम्या घरात सतरंज्या टाकल्या. सामान नसल्यामुळे पहिल्यांदाच सगळ्या बायका एका खोलीत मावल्या. खानदेशी होत्या, काठियावाडी काकी आणि त्यांच्या दोन सुना होत्या, उत्तर प्रदेशातल्या भाभी होत्या. मी शेजारच्या वहिनींना स्वतः जाऊन बोलावलं. त्या नव्या साडीत आल्या. आईंनी प्रत्येकीला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाटी दिली आणि प्रत्येकीला सांगितलं, "हे माझ्या मायचं नाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी दारात. हातात तीच वाटी, वर झाकण. त्यांना वाटलं होतं, तिळगुळासाठी दिलेली वाटी परत करायची असते, आणि परत करायची तर रिकामी कशी? आत अरिसा पिठा होता. तांदळाचं पीठ आणि गूळ घालून तळलेला, आपल्या अनारशाची सख्खी बहीणच. आईंनी पिठा काढून घेतला, वाटीत साखर भरली आणि त्यांच्या हातात परत दिली. म्हणाल्या, "वाटी तुम्हारी है. नाम मेरी माँ का है."

परात गेली ती गेलीच. त्याची रुखरुख मला आजही आहे, आणि आईंनी ती काढून टाकायचा कधी प्रयत्न केला नाही, हेही बरंच. आता नवीन घर उभं राहिलंय. माळा मुद्दाम लहान केलाय, तरी तो भरायला लागलाच आहे. कुठलीही वस्तू काढताना मी आधी तिच्या कडेवर बोट फिरवून बघते, नाव आहे का. आणि द्यायची असेल तर आधी आईंना विचारते, मग ज्याला द्यायची त्याला.

मागच्या वर्षी शेजारच्या वहिनी कुटुंबासह गंजामला परत गेल्या. यजमानांची तब्येत बरी नसते, आता गावीच राहणार म्हणाल्या. जाताना त्यांनीही सामान काढलं. आम्हाला घरात बोलावलं, बसवलं, आणि विचारलं, "भाभी, इसमें से आपको क्या चाहिए?" मी त्यांचा पोळपाट घेतला. चांगला जड आहे. वाटी मात्र त्यांनी सोबत नेली. आईंची आई आयुष्यात कधी नंदुरबारच्या पुढे गेली नव्हती.